तांगडे काकांचं प्रस्तावित उद्यान

आमची गल्ली जिथं वळते, तिथं पूर्वी बैल वळायचे. चिकलठाण्याच्या मागं ज्वारीचं एक शेत होतं. मालकाने ते गुंठ्यागुंठ्याने विकलं, घेणाऱ्यांनी ज्याला जसं सुचलं तसं बांधलं, आणि जिथं बांध होता तिथं रस्ता झाला. मग कुणीतरी लोखंडी कमान उभारून वसाहतीला 'स्वप्नशिल्प नगर' असं नाव दिलं. नावात नगर होतं. शहराच्या नकाशात मात्र आमच्या जागी पांढरा कागद होता. विमानं आमच्या गच्चीवरच्या टाक्यांवरून उतरायची, तेव्हा प्रवाशांना आम्ही दिसायचो. नगररचनेला दिसायचो नाही.

या पांढऱ्या कागदावर तांगडे काका राहत होते. काका नगररचना खात्यातून निवृत्त झालेले आरेखक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गावांचे नकाशे काढले आणि स्वतः नकाशाबाहेर घर केलं. जागा मेहुण्याने घेऊन दिली होती. विषय निघाला की काका म्हणत, "ही हंगामी व्यवस्था आहे." या हंगामी व्यवस्थेत त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं होऊन गेली होती.

मी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून पुस्तकांची खोकी उतरवत होतो. एक उंच, वाळका माणूस माझ्या कुंपणाच्या आत पावलाला पाऊल लावून चालताना दिसला. शर्टाच्या खिशात पिवळी, हिरवी, निळी आणि जांभळी अशा रंगीत पेन्सिली. तुळशीपाशी येऊन तो थांबला आणि गंभीर झाला.

"सर, तुमची तुळस सामासिक अंतरात येते."

मला वाटलं, ग्रहांचं काही असावं. चौकशी केल्यावर कळलं, की घर आणि कुंपण यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडायची असते, तिला सामासिक अंतर म्हणतात, आणि तिथं तुळससुद्धा बांधायची नसते.

"मग हलवू का?"

"नको. फक्त निदर्शनास आणलं."

काकांना जग चार रंगांत दिसे. राहायचं ते पिवळं, दुकानांचं निळं, कारखान्यांचं जांभळं, बागेचं हिरवं. स्वतःचं घर त्यांनी याच शास्त्राने बांधलं होतं. स्वयंपाकघर हा त्यांच्या मते उद्योग होता: धूर आहे, सांडपाणी आहे, आवाज आहे. उद्योग वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावा, म्हणजे त्याचा धूर वस्तीवर येत नाही, असा नियम आहे. आपल्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणून स्वयंपाकघर पूर्वेच्या मागच्या कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या भिंतीला नाक लावून. खिडकी नव्हती, हातभर झरोका होता. भर दुपारी तिथं दिवा लावावा लागे. दिवाणखान्यात मात्र कधी फोडणीचा वासही येत नसे, आणि पाहुणे आले की काका ही गोष्ट दाखवून देत.

शशिकला काकू पाचोडच्या. बाजाराच्या गावची बाई. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत जिने भाजी निवडली, ती त्या कोपऱ्यात आयुष्यभर भाकरी थापत होती. एकदा मला म्हणाल्या, "सर, भाकर करपलेली मला वासावरून कळती. दिसत नाय."

काकांचं एक ठाम मत होतं: "फलक लागला की शासन सुरू होतं." हे मत ते नुसतं बोलत नसत, रंगवत असत. वळणावर 'पुढे वळण आहे' असा फलक होता. तो दिसेपर्यंत माणूस वळलेला असे. एका खांबावर 'सांडपाणी वाहिनी (प्रस्तावित)' असं होतं. दुसऱ्यावर 'पदपथ (प्रस्तावित)', आणि त्याखाली एक कुत्रं झोपलेलं असे, ते मात्र प्रत्यक्षात होतं. प्रस्तावित हा काकांचा लाडका शब्द. जे केलं नव्हतं, जे होणार नव्हतं आणि जे करायचं विसरलं होतं, ते सगळं प्रस्तावित. ठिबकणारा नळ दुरुस्तीसाठी प्रस्तावित होता. स्वयंपाकघराला खिडकी पाडणंही कधीपासून प्रस्तावित होतं.

"ह्यांच्याशी लगीन झालं तेवढं एक खरं," काकू म्हणत. "बाकी समदं प्रस्तावित."

तत्त्वासाठी काका गल्लीला कुठवर नेऊ शकतात, ते रस्त्याच्या वेळी कळलं. बऱ्याच खटपटीनंतर आमच्या गल्लीत डांबर पडणार असं ठरलं. खडी आली, रोलर आला. काका रोलरसमोर हात आडवा करून उभे राहिले.

"आधी खालचं, मग वरचं! आधी सांडपाण्याची नळी, मग पाण्याची, मग तारा, मग रस्ता. नाहीतर उद्या तुम्हीच खोदणार."

हे म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. शहरात नवाकोरा रस्ता आणि त्याच्या मधोमध ताजी चारी, ही जोडी आम्ही रोज पाहत होतो. गल्लीला पटलं. आम्ही सगळे काकांच्या मागं उभे राहिलो. रोलरवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली, कुणाला तरी फोन लावला आणि रोलर पुढच्या गल्लीत नेला. त्यांचा रस्ता झाला. आमची खालची नळी आली नाही, त्यामुळे वरचा रस्ताही आला नाही. पुढं कित्येक पावसाळे आम्ही चप्पल हातात घेऊन घरी गेलो. पुढच्या गल्लीतले लोक हसायचे. पण त्यांचा रस्ता नुसता रस्ता होता. आमचा चिखल तत्त्वनिष्ठ होता.

दुसरी गोष्ट लग्नाची. गल्लीतल्या एका मुलीचं लग्न मांडवात, दारातच होतं. काकांनी वाहतूक नियोजन स्वतःकडे घेतलं. मांडवाचे त्यांनी विभाग पाडले. वऱ्हाडी पिवळ्यात, पानवाला निळ्यात, आचारी अर्थातच जांभळ्यात, वाऱ्याच्या खाली. गर्दी होऊ नये म्हणून गल्ली एकेरी केली आणि बाण रंगवले. सगळं नीट चाललं होतं, फक्त नवरदेवाची वरात बाणांच्या उलट दिशेने आली. काकांनी ती अडवली. वरातीने बाण पाळले, म्हणजे कमानीबाहेरून पूर्ण वळसा घातला, मागच्या वाटेने आत शिरली, आणि नवरदेव घोड्यासकट निघाला तो थेट आचाऱ्याच्या कढईपाशी.

"रिव्हर्स घ्या!" काका ओरडले.

घोडेवाला म्हणाला, "चच्चा, घोडा है, रिक्षा थोडी है! रिव्हर्स कां से लेऊं?"

शेवटी नवरदेव तिथंच उतरला. आचाऱ्याने पटकन झारा बाजूला ठेवून त्याला हात दिला. मुलीच्या आईने नवरदेवाला ओवाळलं ते भज्यांच्या परातीशेजारी. काका म्हणाले, "अडचण अंमलबजावणीत आली. आराखडा निर्दोष होता." हे वाक्य मी पुढं मोठ्या माणसांच्या तोंडून, मोठ्या व्यासपीठांवरून बरेचदा ऐकलं. पण तिथं कुणी भजी देत नाही.

आता त्या मोकळ्या जागेकडे येतो.

वळणावर, काकांच्या घरासमोर, एक प्लॉट रिकामा पडून होता. एक लिंब, थोडी बाभळ, आणि दुपारी सखाराम धनगराच्या शेळ्या. मालक कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. "पैठणकडचा कुणीतरी आहे म्हणे," एवढीच माहिती. एका संध्याकाळी एक जण तिथं पानटपरी टाकायला जागा बघून गेला. काकांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिथं फलक उभा राहिला. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं: 'उद्यानासाठी आरक्षित. अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' खाली एक न लागणारी सही, आणि तिच्याखाली 'आदेशावरून'. कुणाच्या आदेशावरून, ते लिहायची आपल्याकडे पद्धत नाही.

फलक इतका अस्सल होता, की टपरीवाला हातगाडी घेऊन आला, वाचून नमस्कार करून परत गेला. सखाराम टोपी काढून काकांना विचारायला आला, "काका, शेळ्यांला बंदी हाय का आता?"

"शेळ्या तात्पुरत्या स्वरूपात चालतील."

"तात्पुरत्याच हायत्या काका. बकरीद आली की जातेत."

एरवी काकांच्या फलकांना नाक मुरडणाऱ्या काकूंनी या एकाच फलकाला कधी नावं ठेवली नाहीत. उलट, हिरव्या रंगाचा डबा त्यांनीच माळ्यावरून काढून दिला होता. दर दिवाळीला त्या ओलं फडकं घेऊन जात आणि पाटी लख्ख पुसून येत. मला वाटलं, उतारवयात नवऱ्याच्या छंदाबद्दल माया उपजली असेल. असं होतं, असं मी वाचलं होतं.

मग शहराचा नवा विकास आराखडा करायचं ठरलं. हातात टॅबलेट घेतलेली दोन तरुण मुलं आमच्या गल्लीत आली. जागेवर काय आहे ते बघायचं आणि टिपून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. काकांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, सामासिक अंतरावर एक छोटं व्याख्यान दिलं. मुलांनी घरं टिपली, विहीर टिपली, आणि वळणावर येऊन हिरव्या पाटीचा फोटो काढला.

प्रारूप आराखडा कार्यालयात भिंतीवर लागला, तेव्हा आमची गल्ली रिक्षा करून तो पाहायला गेली. पांढऱ्या कागदावर आम्ही उमटलो होतो! नखाएवढा पिवळा तुकडा, त्यात बैलासारखी वळलेली रेघ, आणि वळणावर एक हिरवा ठिपका. 'उद्यान.' काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून राहिले. मागच्या लोकांना आपापली घरं शोधायची होती, पण त्यांचं बोट काही हलेना.

"आलो," ते एवढंच म्हणाले.

आम्ही परत निघालो. रिक्षा जालना रोडला लागली, तेव्हा काकूंनी विषय काढला. मी पुढं चालकाशेजारी बसलो होतो, त्यामुळे मागचं सगळं नीट ऐकू आलं.

"अहो, ती जागा माझीय."

"कुठली?"

"ठिपक्याची. रानातला माझा वाटा भावानं मोडून दिला, तवाच त्यानं माझ्या नावानं घेऊन ठिवली."

रिक्षा एका खड्ड्यातून गेली, ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

"मग इतकी वर्षं सांगितलं कामून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नकाशा काढला असता!"

चालक फिस्सकन हसला. काकू थांबल्या नाहीत. त्यांना तिथं छोटं घर बांधायचं होतं. त्यात स्वयंपाकघर पुढं, आणि खिडकी थेट रस्त्यावर: कुणी आलं गेलं दिसलं पाहिजे, बोलता आलं पाहिजे, भाकरीला उजेड पाहिजे. मनात तेवढीच एक खिडकी धरून त्या झरोक्याखाली उभ्या होत्या. फलक त्या एवढ्याचसाठी पुसत होत्या. रिकाम्या प्लॉटवर कोण केव्हा पत्रे ठोकेल सांगता येत नाही. काकांच्या पाटीइतका स्वस्त राखणदार कुठं मिळणार?

"आता तुमचा राखणदारच मालक होऊन बसला," काकू म्हणाल्या. "उठवा त्याला."

यानंतर काही दिवस तांगड्यांच्या घरात ताट वाढल्याचा आवाज येई, बोलण्याचा येत नसे. काका ओट्यावर बसून समोरच्या पाटीकडे बघत. त्यांच्या सगळ्या फलकांपैकी हा एकच खरा झाला होता. आणि तोच त्यांना खोडायचा होता. शेवटी त्यांनी हरकत लिहिली. अक्षर इतकं सुरेख, की वाचणाऱ्याला हरकत राहू नये.

सुनावणीला काकूंनी मलाही ओढून नेलं. "सर, ह्यांना मधीच तत्त्व आठवलं तर तुम्ही खाली बसवा." टेबलामागं एक मोठे साहेब, एक तरुण साहेब, आणि बिस्किटांची बशी. काका उभे राहिले. समोर अधिकारी, भिंतीवर नकाशा. माणसाचं भान सुटायला एवढं पुष्कळ होतं.

"महोदय, आमच्या वसाहतीत श्वास घ्यायला मोकळी जागा नाही. मुलं रस्त्यात खेळतात. म्हातारी माणसं ओट्यावर वाळत बसतात. तिथं उद्यान होणं अत्यावश्यक आहे!"

साहेब खूश झाले. "म्हणजे तुमचा पाठिंबा आहे."

"नाही. हरकत आहे."

"कशाला?"

"उद्यानाला."

मी त्यांचा सदरा ओढला. काकू उभ्या राहिल्या. "सायेब, ह्यांचं असंच असतंय. भाजी लई चांगली झाली म्हणतेत, आन् ताट सारतेत."

साहेबांनी हसू आवरून फाइल उघडली. "पण बाई, तुमच्या नावावर असली तरी तिथं आधीपासून सरकारी फलक आहे. हा बघा फोटो." फोटोत पाटी नुकतीच पुसल्यासारखी चमकत होती. "आदेशावरून लिहिलंय. हा आदेश कुणाचा, तेवढं सांगा. एखाद्या खात्याचा असेल तर मला हात लावता यायचा नाही."

तरुण साहेब फोटोत डोकावून म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे हो. असं काम आता होत नाही."

काका फोटोकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, हा माणूस आता 'वरून आदेश होता' म्हणेल. तेवढं म्हटलं असतं तर नकाशावरचा ठिपका राहिला असता, अब्रू राहिली असती, आणि ही गोष्ट कधी कुणाला कळली नसती. काकू त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होत्या.

"आदेश माझा होता," काका म्हणाले. "मागं कुणी नव्हतं." मग काकूंकडे बोट करून म्हणाले, "रंग हिचा."

बशीतल्या बिस्किटावर माशी बसली, ती कुणी हाकलली नाही.

"तुम्ही खात्यातलेच ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "मग मला एक सांगा. तुमच्या मते वसाहतीत उद्यान हवं की नको?"

"हवं. पण त्या जागेवर खिडकी हवी."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. "विचार करू."

"जरा लवकर करा सायेब," काकू म्हणाल्या. "आज पाण्याचा दिवस हाय."

या वाक्याचा जो परिणाम झाला, तो कुठल्याही हरकतीचा झाला नसेल. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. ज्याचा त्याचा दिवस असतो, आणि तो चुकला की पुढच्या दिवसापर्यंत शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. खोलीतल्या निम्म्या खुर्च्या सरकल्या. तरुण साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोठे साहेब अर्धवट उठत म्हणाले, "कुठली लाइन तुमची? चिकलठाण्याचीच का?"

सुधारित आराखडा लागला, तेव्हा रिक्षा पुन्हा भरली. साहेब सज्जन होते; त्यांनी काकांचं संपूर्ण ऐकलं होतं. हरकत मान्य, म्हणून काकूंचा प्लॉट पिवळा. सूचनाही मान्य, म्हणून उद्यान कायम, फक्त वळणाच्या पलीकडे सरकवलेलं. हिरवा ठिपका आता बरोबर काकांच्या घरावर होता.

सगळी गल्ली काकांच्या तोंडाकडे बघू लागली. त्यांनी भिंग काढलं, वाकून पाहिलं, वाऱ्याची दिशा मनात तपासली.

"योग्य आहे," ते म्हणाले. "कोपऱ्याची जागा आहे. मीही इथंच दाखवलं असतं."

काकू इतक्या हसल्या, की कार्यालयाच्या बाकावर बसून त्यांना पाणी द्यावं लागलं.

ठिपका पडला म्हणून कुणी लगेच घर पाडायला येत नाही. हिरव्यापासून बागेपर्यंत जायला आपल्याकडे पिढ्या लागतात. पण काकूंना आता थांबायचं नव्हतं. भाऊ पाचोडहून गवंडी घेऊन आला. लिंब तेवढा ठेवला. काकूंनी उरलेल्या हिरव्या रंगात एक फळी बुडवली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहून दारात ठोकली: 'ह्यांनी आत येऊ नये. आदेशावरून.'

कुणाच्या आदेशावरून, हे विचारायची काकांना गरज वाटली नाही. ते रस्त्याच्या अलीकडे उभं राहून तळमळत.

"अगं, जिना मोरीत उतरतोय!"

"उतरू द्या. माणूस पाय धुवून वर जाईल."

"दार उघडलं की खिडकीला अडतंय!"

"मग दार लावून ठिवू. खिडकी उघडी राहील."

वर्षभराने माझी नांदेडला बदली झाली. निघायच्या सकाळी टेम्पोत पुन्हा तीच पुस्तकांची खोकी चढली. टेम्पो वळणावर थांबला, कारण पुढं सखारामाच्या शेळ्या होत्या. जुन्या घराच्या अंगणात काकांनी शेवग्याची दोन रोपं लावली होती, एक सिमेंटचं बाकडं मांडलं होतं आणि जुनी हिरवी पाटी आणून उभी केली होती. शहराच्या आराखड्यातलं ते बहुधा एकमेव काम असावं, जे सुरू झालं होतं.

काका मात्र बाकड्यावर नव्हते. समोरच्या नव्या घराच्या खिडकीखाली, रस्त्यात, रिकामा कप घेऊन उभे होते. खिडकी वेडीवाकडी, पण ऐसपैस होती. आत काकू उजेडात भाकरी थापत, शेळ्यांशी, सखारामाशी आणि माझ्या टेम्पोवाल्याशी एकाच वेळी बोलत होत्या. तव्यावर मिरची पडली. पश्चिमेचा वारा होता. ठसका सरळ काकांच्या तोंडावर आला. त्यांनी खोकत एक बोट वर केलं, वाऱ्याच्या दिशेबद्दल काहीतरी सांगायला. मग ते बोट तसंच खाली घेतलं आणि कप वर केला.

"अगं, आणखी एक चहा?"

काकूंनी भाकरी उलटली.

"प्रस्तावित हाय."

शेळ्या बाजूला झाल्या, टेम्पो वळला. मी मागं वळून पाहिलं. काका कप धरून उभेच होते.